गिटारच्या फिंगरबोर्डला तेल: सेवा छोटी, पण पैसे नेमके कशाचे घ्यायचे?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरच्या टेबलावर सुरू करता येईल अशी एक सेवा बघितली: गिटारच्या फिंगरबोर्डची सफाई आणि त्याला तेल लावणं. हात कसे चालतात ते व्हिडिओत दिसतं. पण तेल कुठे लावायचं नाही, कोणतं लावायचं नाही आणि बिल कसं करायचं, हे डोळ्यांसमोर लिहिलेलं असलेलं बरं. म्हणून हा लेख. प्रिंट काढून कामाच्या जागी लावून ठेवा.

आधी आजचा मुख्य मुद्दा सांगतो. या कामात तेलाची किंमत जवळजवळ शून्य आहे. तेल लावायचं की नाही, हे तुम्हाला कळतं, याचे ग्राहक पैसे देतो. ज्याचं पोट फक्त तेल लावण्यावर चालतं, तो समोर येईल त्या गिटारला तेल लावतो आणि एक दिवस चांगलं वाद्य खराब करतो. म्हणून आपला दर असा हवा, की "तुमच्या गिटारला तेलाची गरज नाही" हे सांगतानाही आपलं नुकसान होऊ नये. ते कसं, ते पुढे येतंच.

फिंगरबोर्डला तेल लागतंच कशाला?

गिटारच्या नेकवर, जिथे डाव्या हाताची बोटं तारा दाबतात, ती लाकडी पट्टी म्हणजे फिंगरबोर्ड. धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. गिटारच्या बॉडीवर पॉलिशचा थर असतो, पण बहुतेक गिटारींच्या फिंगरबोर्डचं लाकूड उघडं असतं. त्यावर रोज बोटं फिरतात, घाम लागतो, धूळ बसते. फ्रेटच्या कडेला काळपट चिकट मळ साचतो. आणि हा मळ काढायला फडकं घासलं की लाकडाच्या वरचा तेलकटपणाही जातो, लाकूड फिकट आणि रुक्ष दिसतं.

तेलाचा हलका हात दिला की लाकडाचा रंग उठून येतो, पृष्ठभाग बोटांना गुळगुळीत लागतो आणि घाम-मळ पटकन आत मुरत नाही. तेलाचं काम एवढंच. गैरसमज इथेच होतो. "लाकूड सुकलंय, तेल पाजा" असं लोक म्हणतात. लाकूड सुकतं ते त्यातलं पाणी, म्हणजे हवेतला दमटपणा कमी झाल्यामुळे. तेलाने पाणी परत येत नाही. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात किंवा मुंबईत सतत चालणाऱ्या एसीच्या खोलीत लाकूड आकसतं, आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला हाताला टोचायला लागतात. अशी गिटार आली तर बाटलीभर तेल ओतूनही टोचणं थांबणार नाही. ग्राहकाला सांगा: गिटार केसमध्ये ठेवा, केसमध्ये दमटपणा राखणारी पिशवी ठेवा, खोलीत छोटं हायग्रोमीटर लावा, आणि आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघा. हे सांगायला तेलाचा एक थेंबही लागत नाही, पण ग्राहकाची खरी अडचण यानेच सुटते.

आधी लाकूड ओळखा

गिटार हातात आली की बाटली उघडायच्या आधी बोर्ड कशाचा आहे ते ठरवा.

*रोझवूड.* तपकिरी रंग, उघडी बारीक छिद्रं, रेषा स्पष्ट. भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसव. सह्याद्रीत वाढणारं हे झाड जगभरच्या गिटारींत वापरलं जातं. हा बोर्ड बहुतेक वेळा उघडा असतो, तेल चालतं.

*एबनी, म्हणजे आबनूस.* गडद, दाट, छिद्रं जवळजवळ दिसत नाहीत. तेल चालतं, पण रोझवूडपेक्षा कमी मुरतं. त्यामुळे मात्रा निम्मी ठेवा.

*मेपल.* फिकट, पिवळसर. यावर बहुतेक वेळा पॉलिशचा थर असतो. फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या गिटारींचे नेक मेपलचेच असत. १९५८-५९ पासून त्यांच्या गिटारींवर रोझवूडचे बोर्ड येऊ लागले. आजही दोन्ही प्रकार बाजारात आहेत. पॉलिश असलेल्या मेपलला तेल लावून काही मिळत नाही. ते वरच राहतं आणि चिकटतं. आणि थर कुठे झिजून लाकूड उघडं पडलं असेल, तर तिथे तेल शिरून डाग पडू शकतो. किंचित ओलसर फडकं, मग लगेच कोरडं फडकं, एवढंच काम.

*कृत्रिम बोर्ड.* कागद आणि रेझिन दाबून बनवलेलं रिचलाइट मार्टिनच्या काही मॉडेलवर असतं. दिसायला एबनीसारखं. याला तेलाची गरज नाही, पुसून घेतलं की झालं.

*रंगवलेला बोर्ड.* स्वस्त गिटारींत हे फार दिसतं. लाकूड फिकट असतं आणि ते एबनीसारखं दिसावं म्हणून काळा रंग दिलेला असतो. बोर्ड काळा दिसला म्हणजे तो आबनूसच, असं धरून चालू नका. असा बोर्ड सफाईचं द्रव लावून पुसला की फडकं काळं होतं, आणि नवशिक्याला वाटतं, "बापरे, किती मळ निघाला!" तो अजून घासतो. शेवटी मध्येच फिका पट्टा उमटतो. म्हणून आधी शेवटच्या फ्रेटच्या पुढे, कोपऱ्यात, कापसाच्या काडीने तपासा. काडीला सारखा काळा रंगच येत राहिला, तर फक्त कोरडी सफाई करा.

रोझवूड म्हटलं की उघडंच, असाही नियम नाही. रिकनबॅकरच्या अनेक गिटारींच्या रोझवूड बोर्डवर पॉलिशचा थर असतो. त्यामुळे नावावर जाऊ नका, चाचणी करा. बोट अगदी किंचित ओलं करून कोपऱ्यात टेकवा. लाकूड क्षणभर गडद झालं तर ते उघडं आहे. ओल काचेवर राहते तशी वरच राहिली तर थर आहे. मॉडेल नंबर मिळाला तर कंपनीच्या माहितीपत्रकातही बघा.

तेल कोणतं?

आपल्याकडे प्रत्येक घरात तेलाच्या पाच बाटल्या असतात, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. एकेक बघू.

खोबरेल, शेंगदाणा, मोहरी, तीळ, ऑलिव्ह: यातलं काहीही नको. ही खाद्यतेलं लाकडात राहून खवट होतात, वास मारतात, धूळ धरतात. खोबरेल तर थंडीत बाटलीत गोठतं, हे आपण दर डिसेंबरला बघतो. तेच बोर्डच्या छिद्रांत होणार.

अळशीचं तेल: क्रिकेटच्या बॅटला लावतो तेच. हे हवेत सुकून कडक होतं. अनुभवी कारागीर अगदी पातळ हाताने वापरतात. नवशिक्याने जास्त लावलं तर चिकट पापुद्रा तयार होतो आणि तो काढणं जिकिरीचं. शिवाय एक धोका लक्षात ठेवा. अळशीच्या तेलाने भिजलेलं फडकं गोळा करून टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. घरातून काम करणाऱ्याने हे तेल सुरुवातीला बाजूलाच ठेवावं.

फर्निचर पॉलिशचे स्प्रे: नको. अनेकांत सिलिकॉन असतं. पुढे त्या लाकडावर रंग-पॉलिशचं काम करायचं झालं तर ते नीट धरत नाही.

लेमन ऑइल: गिटारसाठी मिळणाऱ्या बाटलीवर हे नाव असलं, तरी आत बहुतेक वेळा मिनरल ऑइल असतं, लिंबाचा वास टाकलेलं. ते चालतं. लिंबाच्या सालीचा शुद्ध अर्क मात्र तीव्र असतो, तो लावू नका.

मिनरल ऑइल: माझी शिफारस हीच. खवट होत नाही, सुकून पापुद्रा धरत नाही. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन या नावाने मिळतं. बाटलीतलं द्रव पाण्यासारखं पारदर्शक हवं. पोट साफ होण्यासाठी मिळणारं दुधासारखं पांढरं मिश्रण वेगळं, ते घेऊ नका.

पण व्यवसाय करताना एक पथ्य पाळा. ग्राहकासमोर गिटारसाठीच बनलेली, लेबल असलेली बाटली ठेवा. पाच-दहा रुपये जास्त पडतील, पण "काय लावलं?" या प्रश्नाला सरळ उत्तर देता येईल. बिलावरही तेलाचं नाव लिहा.

कामाची पद्धत, क्रमाने

१. *फोटो आणि नोंद.* बोर्डवर चीर आहे का, फ्रेट हलतो का, नट सैल आहे का, फ्रेटची टोकं टोचतात का, ते ग्राहकासमोर बघा. फोटो काढा, कागदावर लिहा, सही घ्या. हे केल्याशिवाय तारेला हात लावू नका.

२. *तारा सैल करा, मग काढा.* ताणलेली तार कधीही कापू नका, डोळ्याला लागू शकते. सगळ्या तारा थोड्या थोड्या सैल करत आणा. तरंगता ब्रिज असेल, म्हणजे फ्लॉइड रोझसारखा, तर आधी त्याखाली लाकडाचा तुकडा किंवा घडी केलेलं फडकं बसवा. नाहीतर तारा निघताच ब्रिज मागे कलतो आणि परत जुळवताना तुमचा अर्धा दिवस जातो. हा प्रकार येत नसेल तर अशी गिटार सध्या घेऊच नका.

३. *झाका.* ॲकूस्टिक गिटारचं भोक फडक्याने, इलेक्ट्रिकचे पिकअप मास्किंग टेपने. स्टील वूल वापरणार असाल तर हे सक्तीचं, कारण पिकअपमध्ये चुंबक असतं आणि लोखंडाचा बारीक कीस त्याला चिकटून बसतो.

४. *कोरडी सफाई.* मऊ टूथब्रश, मग कोरडं सुती फडकं. निम्म्या गिटारी इथेच चांगल्या दिसायला लागतात.

५. *चिकट मळ.* जुन्या प्लास्टिक कार्डाची कड फ्रेटला लागून हळू ओढा. तरीही राहिला तर फडक्यावर थोडं लायटर फ्लुइड घेऊन पुसा. खिडकी उघडी, जवळ गॅस-उदबत्ती काही नको. रंगवलेल्या बोर्डवर ही पायरी नाही. पाणी ओतून घासणं तर कुठल्याच बोर्डवर नाही.

६. *तेल.* थेंब फडक्यावर घ्या, बोर्डवर नाही. पूर्ण बोर्डला चार-पाच थेंब पुरतात, बोर्ड फारच रुक्ष असेल तर जास्तीत जास्त १ मिली. लाकडाच्या रेषेच्या दिशेने पातळ हात फिरवा. पाच मिनिटं थांबा. मग स्वच्छ फडक्याने सगळं पुसून काढा. हो, सगळं. शेवटी पांढरा टिश्यू दाबून बघा. त्यावर डाग उमटला तर तेल जास्त आहे, परत पुसा. फ्रेटच्या खाचांत तेल साचू देऊ नका.

७. *दहा मिनिटांनी नव्या तारा, ट्यूनिंग, आणि प्रत्येक फ्रेटवर एक एक स्वर वाजवून तपासणी.*

वर्षातून एकदा, फार तर दोनदा, एवढं पुरे. दर महिन्याला तेल लावणाऱ्याच्या बोर्डवर मळ अजून चिकटतो आणि नव्या ताराही लवकर मंद वाजायला लागतात.

आता हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावातले दर काढून ते बदला, पण पद्धत हीच ठेवा.

समजा ६० मिलीची बाटली ६०० रुपयांना पडली. एका गिटारला जास्तीत जास्त १ मिली धरलं तर तेलाचा खर्च १० रुपये. फडकं-टेप १५, सफाईचं द्रव १०, पॅकिंग ५. एकूण ४० रुपये. तारा ग्राहकाच्या, किंवा वेगळ्या बिलात. पूर्ण कामाला ७५ मिनिटं.

आता दरपत्रक. बरेच जण लिहितात: सफाई ३०० रुपये, तेल २०० रुपये जादा. इथेच गडबड होते. मेपलची गिटार आली की २०० रुपये बुडतात, मग मन म्हणतं, "थोडंसं लावलं तर काय बिघडतं?" हा मोहच दरपत्रकातून काढून टाका. एकच ओळ लिहा:

"फिंगरबोर्ड सर्व्हिस ५०० रुपये. तपासणी, सफाई, गरज असेल तरच तेल, तारा बसवणं आणि ट्यूनिंग."

तेल लावलं काय, न लावलं काय, बिल तेच. फक्त तपासणी हवी असेल तर १५० रुपये, आणि काम करून घेतलं तर ते ५०० मध्येच धरायचे. आता तुम्ही निवांत मनाने "नको" म्हणू शकता.

५०० वजा ४०, हातात ४६० रुपये. आठवड्याला ८ गिटारी म्हणजे १० तास काम, महिन्याच्या ३२ गिटारींचे १४,७२० रुपये. यातून प्रवास, वीज, जागेचा खर्च जायचा आहे. म्हणजे हा जोडधंदा आहे. यावर लगेच नोकरी सोडू नका.

आणि दुसरी बाजू बघा. समजा २० गिटारी नीट केल्या, ९,२०० रुपये कमावले. एकविसाव्या गिटारचा बोर्ड डागाळला आणि दुरुस्तीला ८,००० रुपये भरावे लागले. शिल्लक १,२००. पैसे एक वेळ परत मिळतील, पण ती गिटार कुणाच्या वडिलांनी पहिल्या पगारातून घेतलेली असेल, तर भरपाई कशी करणार? आणि तो माणूस क्लासमधल्या तीस जणांना सांगणार ते वेगळंच.

ग्राहकाशी कसं बोलायचं?

फोन येतो: "दादा, बोर्ड कोरडा दिसतोय, तेल लावून द्याल का?"

तुम्ही: "घेऊन या ना. आधी बघतो. गरज असली तर लावू, नसली तर तसं सांगेन. सर्व्हिसचे पाचशे."

"आणि तेल नाही लावलं तरी पाचशे?"

"हो. तपासणं, साफ करणं, तारा बसवणं, जुळवणं हे सगळं काम होणारच. तेलाला मी वेगळे पैसे घेत नाही, म्हणून उगाच लावतही नाही."

हे शेवटचं वाक्य पाठ करा. तुमची जाहिरात हीच.

ग्राहक शोधायला गिटार क्लासपासून सुरुवात करा. सरांना किंवा मॅडमना भेटा, त्यांची स्वतःची गिटार आधी करून द्या. मग एका रविवारी क्लासमध्येच सर्व्हिसचा दिवस ठेवा. कॉलेजच्या गॅदरिंगआधी, आणि वसई-गोव्याकडे नाताळच्या आधी, मागणी साहजिकच वाढते. तारखा महिनाभर आधी पकडा.

नेहमीचे प्रश्न

*सतार-तानपुऱ्यालाही हीच सेवा देऊ का?* नको. त्यांच्या दांडीवर सहसा पॉलिश असतं, रचना वेगळी असते. मिरजेत तंतुवाद्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. ग्राहकाला तिकडचा रस्ता दाखवा. जे येत नाही ते न घेणं हाही धंद्याचा नियमच.

*फ्रेट झिजलेत, ते घासू का?* ते वेगळं कौशल्य आहे, वेगळी हत्यारं लागतात. शिकल्याशिवाय नाही.

*नोंदणी लागते का?* उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. करून ठेवा. कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

एक: ओळखीतल्या पाच गिटारी बघा. तेल लावू नका, फक्त तपासा. प्रत्येकीसाठी लिहा: लाकूड कोणतं, थर आहे की उघडं, तेल हवं की नको, आणि का.

दोन: एक जुनी, स्वस्त गिटार घ्या आणि सातही पायऱ्या घड्याळ लावून करा. तुमचा खरा वेळ कळेल. माझे ७५ मिनिटं तुमचे दोन तास असतील, तर दर त्याप्रमाणे मांडा.

तीन: दरपत्रकाची ती एक ओळ तुमच्या शब्दांत, तुमच्या आकड्यांसह लिहा.

पाचपैकी किमान दोन गिटारींसमोर "तेल नको" असं कारणासकट लिहिता आलं, तर समजा तुमचा हात तयार होतोय. पुढच्या भागात तारांचा साठा किती ठेवायचा आणि त्यात पैसे कसे अडकतात, ते बघू. तोपर्यंत कामाला लागा.